बोंबचाचणी

कंपनीत नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात कोणालाही काढत नाहीत. पहिल्या आठवड्यात ते "माझं दार सगळ्यांसाठी कायम उघडं आहे" असं सांगतात. हेही साहेब मोठ्या हॉलमध्ये उभे राहून तेच म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेत, तिसऱ्या मजल्यावर जिला सगळे आत्या म्हणत, तिनं शेजारच्या मास्तरांना कोपरानं ढोसलं.

"घे. झालं सुरू."

हे तिसरे साहेब. पहिले, म्हणजे ज्यांनी कंपनी काढली ते थोरले साहेब, नेटवर्कच्या पेट्या बनवायचे. इमारतीतले सगळे कॉम्प्युटर ज्या चपट्या, करड्या, दिवे लुकलुकणाऱ्या डब्याला तारांनी जोडलेले असतात आणि बंद पडेपर्यंत ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ती पेटी. थोरल्या साहेबांच्या पेट्या टिकाऊ होत्या, त्यामुळे नव्या खपत नव्हत्या, त्यामुळे भागधारकांनी त्यांना सन्मानानं घरी पाठवलं. दुसरे साहेब म्हणाले, पेट्यांचे दिवस गेले, आता सगळं ढगात, म्हणजे क्लाउडवर. कंपनी ढगात गेली. तिथे बड्या कंपन्या आधीच पाय पसरून बसल्या होत्या. साहेब खाली आले ते थेट गेटबाहेर. आता हे तिसरे म्हणत होते, की पेटी विकायचीच नाही. ती भाड्यानं द्यायची, दरमहा वर्गणी घ्यायची, आणि नेटवर्कनं आपलं आपल्याला सांभाळायचं.

"आपण पेट्या विकत नाही," साहेब म्हणाले. "आपण निर्धास्तपणा विकतो."

टाळ्या झाल्या. त्या क्षणापासून कंपनीत एकही माणूस निर्धास्त राहिला नाही.

मास्तर जुन्या पेट्यांच्या विभागाचे प्रमुख. थोरल्या साहेबांच्या काळात विकलेल्या पेट्या अजून जगात कुठेकुठे चालू होत्या, त्यांची देखभाल हा विभाग करायचा. विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूची एक खोली आणि तीन माणसं. मास्तरांना मास्तर म्हणायचे कारण त्यांना काही विचारलं की ते समजावून सांगायचे, आणि नाही विचारलं तरी सांगायचे. आत्या पेट्यांची चाचणी घ्यायची. तिला पेट्यांतले दोष माणसांतल्या दोषांइतक्याच लवकर दिसत, आणि दोन्ही ती तोंडावर सांगे. तिसरा घुम्या. तो प्रोग्रॅम लिहायचा. बोलायचा नाही.

दुसऱ्या साहेबांच्या काळात ज्या विभागांनी तक्रारी केल्या ते पहिल्या फेरीत गेले होते. तेव्हापासून या खोलीनं कानाला खडा लावला होता. मोठी जागा मागायची नाही, नवी खुर्ची मागायची नाही, बढतीचं नाव काढायचं नाही. एसीतून पाणी गळायचं तिथे त्यांनी बादली ठेवली होती. बादली भरली की घुम्या रिकामी करायचा.

मास्तरांनी पन्नाशी ओलांडली होती. या वयात आपल्याला दुसरीकडे कोणी घेणार नाही हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं; त्यांनी गुपचूप दोन ठिकाणी अर्ज करून स्वतःच माहीत करून घेतलं होतं. एकाचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्यानं लिहिलं, आपल्या अनुभवाचा आम्ही आदर करतो. ते वाचून मास्तरांच्या पोटात जो गोळा आला, तो तिथेच राहायला आला होता. ही खोली राहिली तर आपण राहू, एवढं एकच गणित त्यांच्या डोक्यात फिरत असे.

आणि मग साहेब स्वतः खोली बघायला आले.

सोबत कोणी नव्हतं. ते शांतपणे फिरले, मान डोलावत राहिले आणि मागच्या भिंतीपाशी थांबले. तिथे तारांचा गुंता होता. त्यातली एक पिवळी तार भिंतीतून येऊन एका पेटीत शिरत होती. तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

"ही कशाची?"

"कल्पना नाही, साहेब," मास्तर म्हणाले. इथे थांबायला हवं होतं. आत्यानं घसा खाकरला. पण साहेबांनी भुवया उंचावल्या होत्या आणि मास्तरांना उंचावलेली भुवई म्हणजे वर केलेला हात वाटे. "त्यावर आमच्या धंद्यात सोपा उपाय आहे. आम्ही त्याला बोंबचाचणी म्हणतो."

"बोंबचाचणी?"

"तार कोण वापरतं हे कळत नसलं, तर विचारत बसायचं नाही. विचारलं तर सगळेच म्हणतात, आम्हाला लागते. ती सरळ उपटायची आणि गप्प बसायचं. ज्याला खरंच लागते तो थोड्या वेळात बोंबलत येतो. मग परत जोडायची."

"आणि कोणीच बोंबललं नाही तर?"

"मग तिचा उपयोग नव्हता. गुंडाळून ठेवून द्यायची."

"तार स्वतः काही म्हणत नाही?"

"तार काय म्हणणार, साहेब!" मास्तर हसले. साहेबही हसले. फार मनापासून हसले. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज काहीतरी शिकलो." आणि गेले.

"तुला कोणी विचारलं होतं का रे?" आत्या म्हणाली.

"अगं, साहेबांना आवडलं."

"तेच म्हणते मी."

पहिला नंबर माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांचा लागला. एका सकाळी त्यांच्याकडे कामं यायची थांबली. बैठकीची बोलावणी थांबली. कोणी काही सांगितलं नाही, कोणी रागावलं नाही. ते शहाणे लोक होते. त्यांना वाटलं, बरं झालं, जरा निवांतपणा. ते निवांत बसले. नंतर एक दिवस त्यांच्या खोलीत खुर्च्या एकावर एक रचलेल्या दिसल्या आणि दाराबाहेर त्यांची झाडं ठेवलेली होती, कोणाला हवी असतील तर न्या म्हणून.

मग प्रशिक्षणवाल्यांचा फोन बंद पडला, आणि सगळ्या इमारतीचं धाबं दणाणलं. साहेब तारा उपटत होते. कँटीनमध्ये व्यवहार सुरू झाले. जाहिरातवाले हिशेबवाल्यांना सांगू लागले, आमचं काही बंद झालं तर तुम्ही ओरडा, तुमचं झालं तर आम्ही ओरडू. खरेदीवाल्यांनी तर आधीच ओरडून घेतलं. त्यांचं काहीच बंद झालेलं नव्हतं, पण नंतर उगीच गर्दी नको. एका आठवड्यात साहेबांच्या सेक्रेटरीकडे इतक्या बोंबा आल्या, की साहेबांनी परिपत्रक काढलं: आतल्या माणसांच्या बोंबा धरल्या जाणार नाहीत. फक्त ग्राहकांच्या.

मास्तरांना त्या परिपत्रकातली शिस्त आवडली. मग त्यांना आठवलं, आपल्या ग्राहकांची बोंब वरपर्यंत कधी गेलेलीच नाही.

त्यानंतरच्या सोमवारी खोलीतला फोन वाजला नाही. एरवी सकाळी दोन-तीनदा तरी वाजायचा. घुम्यानं रिसीव्हर उचलला, कानाला लावला, आणि काही न बोलता आत्यापुढे धरला. आत्यानं ऐकलं आणि मास्तरांपुढे धरला. आत काहीही नव्हतं. खरखरसुद्धा नव्हती.

मास्तरांनी खिशातल्या मोबाइलवरून विभागाचा नंबर फिरवला. एका गोड आवाजाच्या यंत्रानं सांगितलं, की आपलं नेटवर्क आता स्वतःची काळजी स्वतः घेतं, आणि वर्गणीदार असल्यास एक दाबा. वर्गणीदार नसल्यास काय दाबावं हे यंत्रानं सांगितलं नाही.

"म्हणजे ग्राहक इथे बोंबलूच शकत नाही," आत्या म्हणाली. "तोंड दाबून विचारायचं, दुखतंय का."

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नाहीत. बायकोनं ताट झाकून ठेवलं आणि समोर बसली. ती दातांच्या दवाखान्यात स्वागतिका होती. तोंड उघडायला घाबरणारी माणसं ओळखणं हे तिचं रोजचं काम होतं.

"बोला आता."

मास्तरांनी सगळं सांगितलं. चाचणी म्हणजे काय हेही नीट समजावून सांगितलं.

"अहो, म्हणजे हे तुम्हीच शिकवलंत त्यांना?"

"मी फक्त तारेबद्दल बोलत होतो."

बायकोनं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "तुमच्या त्या पेट्यांपैकी एखादी बंद पडली तर?"

मास्तरांनी ताट परत बाजूला सारलं. कारण दिवसभर तेच त्यांच्या मनात होतं.

थोरल्या साहेबांच्या पेट्यांत एक दोष होता. चालू झाल्यापासून किती वेळ गेला हे पेटी आतल्या आत मोजायची, आणि ती मोजणी ठरावीक आकड्याला पोचली की पेटी जागच्या जागी थिजायची. दिवे लागलेले, आत सगळं मेलेलं. उपाय हास्यास्पद सोपा होता. तिथे पोचायच्या आधी एकदा बंद करून चालू करायची. मोजणी पुन्हा शून्यापासून. हा दोष कंपनीनं कधी जाहीर केला नाही. त्याऐवजी मास्तरांचा विभाग ज्याची वेळ जवळ आली त्या ग्राहकाला फोन करायचा आणि म्हणायचा, जरा पेटी बंद करून चालू करा, वार्षिक देखभाल आहे. ग्राहक करायचे. काहीही व्हायचं नाही. काहीही न होणं हेच या विभागाचं सगळं काम होतं, आणि त्यामुळेच हा विभाग काय करतो हे कोणालाच माहीत नव्हतं.

आता पाळी होती एका हॉस्पिटलची. या आठवड्याच्या शेवटी.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विषय काढला, तेव्हा आत्या खिडकीबाहेर बघत होती.

"कळवायला हवं," मास्तर म्हणाले. "माझ्या मोबाइलवरून करतो फोन."

"पडू दे," कोणीतरी म्हणालं.

दोघांनी वळून पाहिलं. घुम्या बोलला होता. स्क्रीनवरची नजरही त्यानं काढली नव्हती.

"काय म्हणालास?"

"पडू दे ती पेटी. हॉस्पिटल बोंबलेल. यंत्रापाशी नाही बोंबलणार, पेपरात बोंबलेल. साहेबांना कळेल आपण काय करत होतो. परत जोडतील."

इतकी वर्षं न बोललेला माणूस इतका मुद्देसूद बोलला, याचीच मास्तरांना जास्त भीती वाटली.

"अरे, त्या पेटीवर वॉर्डातले मॉनिटर आहेत. पेशंटचे ठोके नर्सच्या टेबलावर दिसतात ते त्या पेटीतून. पेटी थिजली तर टेबलावर शेवटचा आकडा तसाच दिसत राहील. बरा आकडा. नर्स बघेल, म्हणेल छान चाललंय."

"थोडा वेळच ना."

"थोडा वेळ म्हणजे किती, ते कोण ठरवणार?"

घुम्या पुन्हा घुमा झाला. मास्तरांनी आत्याकडे पाहिलं. ती काहीतरी तिखट बोलेल, घुम्याची सालटी काढेल असं त्यांना वाटलं. आत्या खिडकीबाहेरच बघत होती.

"आत्या?"

"मला नको विचारू, मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली. "मी खरं सांगेन."

मास्तर जिना चढून वर गेले. साहेबांचं दार खरोखरच उघडं होतं. टेबलावर भागधारकांचे फोन यायचे तो फोन होता आणि साहेब त्याच्याकडे बघत बसले होते. मास्तर आत येताच त्यांनी तो जरा बाजूला सरकवला.

मास्तरांनी सगळं सांगितलं. दोष, मोजणी, हॉस्पिटल. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समजावून न सांगता नुसतं सांगितलं, आणि शेवटी त्यांचा आवाज चढला. म्हणजे ते बोंबललेच.

साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमची कळकळ पोचली," ते म्हणाले. "पण तुम्ही तार आहात. तारेची बोंब मी धरली तर प्रत्येकाची धरावी लागेल."

"साहेब, पेशंट आहेत तिथे."

"हॉस्पिटल आपलं वर्गणीदार आहे?"

"नाही. पेटी जुनी आहे. विकत घेतलेली."

"मग त्यांना निर्धास्तपणाचं महत्त्व कळायची ही संधी आहे." साहेब हे क्रूरपणे म्हणाले नाहीत. थकलेल्या माणसासारखे म्हणाले, पाठ केलेलं. त्यांची नजर पुन्हा फोनकडे गेली. मास्तर तिथे होते तोवर तो एकदाही वाजला नव्हता. "आणि बोंब आलीच, तर तुमचा विभाग राहील. तुमच्याच हिताचं आहे. मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात काहीच केलं नसतं."

मास्तर जिना उतरले. खालून घुम्या आणि वरून साहेब, दोघं त्यांना एकच गोष्ट सांगत होते, आणि तिसरा सांगणारा त्यांच्या पोटात बसला होता. बसून राहा. काही करू नकोस. तुला कुठे काही करायचंय? तू फक्त फोन करायचा नाहीयेस.

ते इमारतीबाहेर गाड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हॉस्पिटलच्या नेटवर्कवाल्या काकांना मोबाइल लावला. काका दरवर्षी म्हणायचे, "काय राजे, झालं का वर्ष?" आज फोन भलत्याच माणसानं उचलला.

"ते? त्यांना काढलं हो. खर्च कमी करतायत. आता नेटवर्कचं काही असलं की कंपनीच्या नंबरवर करायचं."

"कुठल्या नंबरवर?"

त्या माणसानं वाचून दाखवला. तो मास्तरांच्या खोलीतलाच नंबर होता.

मास्तर गाडी काढून हॉस्पिटलला गेले. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. कोणी अडवलं नाही. ओळखपत्र गळ्यात असलेल्या माणसाला लोक फक्त रस्ता विचारतात. वॉर्डाच्या टोकाला तारांचं कपाट होतं आणि त्याच्यासमोरच्या टेबलाशी मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. टेबलावरच्या पडद्यावर हिरव्या रेघा नाचत होत्या. प्रत्येक रेघेखाली खाटेचा नंबर.

"सिस्टर, ही पेटी एकदा बंद करून चालू करायची आहे. पाचेक मिनिटं पडद्यावर ठोके दिसणार नाहीत. तेवढा वेळ कोणीतरी खाटांपाशी उभं राहायला हवं."

"आत्ता? कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मास्तरांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. "वार्षिक देखभाल," ते म्हणाले.

सिस्टरांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग दोन नर्सना हाका मारल्या, त्यांना खाटांपाशी उभं केलं, आणि बोट उगारलं. "पाच मिनिटं. सहावं नाही."

मास्तरांनी पेटीची विजेची तार उपटली. थिजलेली पेटी जुने आकडे धरून ठेवते; बंद केलेली नाही. सगळ्या रेघा एकदम सपाट झाल्या.

त्या पडद्यासमोर उभं राहणं म्हणजे काय असतं ते मास्तरांना तोवर माहीत नव्हतं. आजवर हे फोनवर व्हायचं. ते "करा बंद" म्हणायचे आणि घोटभर चहा प्यायचे. आता सपाट रेघांकडे बघताना त्यांच्या मनात आलं, ही म्हातारी पेटी पुन्हा चालू झालीच नाही तर? नर्स खाटांपाशी मोठ्यानं आकडे सांगत होत्या. मास्तरांनी तार परत खुपसली. दिवे लागले. विझले. पुन्हा लागले. पडदा सपाटच होता. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या आणि मास्तर सिस्टरांकडे. एका खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

मग एक रेघ उडाली. मग दुसरी. मग सगळ्या.

मास्तरांनी कपाटाचं दार लावलं. आणि मोठ्या सिस्टर बोंबलल्या.

"देखभाल? अशी? ऐनवेळी सांगून? भर दुपारी वॉर्ड चालू असताना? कोण तुमचे साहेब? नंबर द्या त्यांचा! आधी तुमच्या कंपनीला फोन केला होता तर यंत्र बोलतं! माणसाचा नंबर द्या, ज्याला शिव्या ऐकू येतात!"

मास्तरांच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. ही बोंब होती. ग्राहकाची, बाहेरची, परिपत्रकात बसणारी. ही साहेबांपर्यंत पोचली तर जुन्या पेट्या कोणीतरी वापरतंय हे सिद्ध होणार होतं आणि खोली वाचणार होती. फक्त ही बोंब मास्तरांच्या नावानं होती. साहेबांची परवानगी न घेता ग्राहकाची यंत्रणा बंद करणारा माणूस कुठलीच कंपनी ठेवत नाही. पाया पडून, माफी मागून सिस्टरांना शांत करता आलं असतं. त्या मनानं चांगल्या दिसत होत्या.

मास्तरांनी साहेबांच्या सेक्रेटरीचा नंबर दिला. मग हुद्दा सांगितला, विभागाचं नाव सांगितलं, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. सिस्टरांनी विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

"विभागाचं नाव नक्की घ्या," ते म्हणाले. "जुन्या पेट्यांचा विभाग."

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. साहेबांनी मास्तरांना बोलावून त्यांच्या अनुभवाचा आदर केला. विभागाचा फोन जोडून दिला गेला, कारण नियम म्हणजे नियम. प्रमुख म्हणून आत्याची नेमणूक झाली. मास्तरांना खोलीतलं सामान घ्यायला तासभर मिळाला. घुम्यानं खोका आणून दिला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

आत्या जिन्यापर्यंत सोडायला आली. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. त्यामुळे चेहरा अनोळखी दिसत होता.

"घरी काय म्हणाले?"

"बायको म्हणाली, आता जेवा."

आत्या हसली नाही. "मास्तर, पुढच्या महिन्यात आणखी एका पेटीची वेळ भरते. पाणीपुरवठ्याची. मी आधी फोन केला तर काहीच होणार नाही. काहीच झालं नाही तर वरच्यांना पुन्हा वाटेल, ही खोली कशाला?" तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं, आवाज आणखी खाली आणला. "मला फार भीती वाटते रे. मी काय करायचं, सांग ना. तू सांगतोस ना सगळं."

मास्तरांनी खोका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

आत खोलीत फोन वाजायला लागला. एक घंटा, दुसरी, तिसरी. घुम्या फोनशेजारीच बसला होता. त्याचा हात रिसीव्हरवर होता. तो उचलत नव्हता. घंटा जिन्यातून वरच्या मजल्यावर नीट ऐकू जात होती; जितका वेळ वाजेल, तितका वेळ ग्राहकाची बोंब साहेबांच्या कानावर पडणार होती.

"उचल ना रे!" मास्तर ओरडले.

घुम्यानं आत्याकडे पाहिलं. आता प्रमुख ती होती. आत्यानं मास्तरांकडे पाहिलं, मग वर, जिन्याच्या दिशेनं. आणि ती गप्प उभी राहिली.